उजवीकडे तीस अंश

१

माणसाचा चेहरा माझ्या उशिरा लक्षात राहतो, पाठ आधी राहते. हा दोष माझा नाही, कामाचा आहे. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसाचे आठ तास लोकांच्या माना, पाठी आणि कंबरा हातांनी चाचपायच्या, एवढंच माझं आयुष्य. पेशंट टेबलावर पालथा पडतो, टेबलाच्या भोकात तोंड घालतो आणि तिथूनच स्वतःची कहाणी सुरू करतो. मी "हं, हं" करत राहते. कहाणीत थापा असतात. पाठीत नसतात. ज्याचा उजवा खांदा चढलेला, त्याने पंधरा वर्षं त्याच खांद्याला पिशवी अडकवलेली असते, मग तो काहीही सांगो.

लग्नाआधी आम्ही दोनदा भेटलो. दुसऱ्या भेटीनंतर तो निघाला, तेव्हा मी त्याला लांबपर्यंत पाठमोरा बघत राहिले. घरी आईने विचारलं, "कसा वाटला?"

"मान जराशी वाकडी आहे. बाकी सरळ वाटतो."

"मान तेवढी सरळ आणि बाकी सगळं वाकडं, असे मी फार पाहिलेत," आई म्हणाली. "हो म्हणून टाक."

मी हो म्हटलं. तो कंपनीची बस चालवतो. सकाळी कामगारांना घेऊन जायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. दिवसभर बसून असणाऱ्या माणसाची मान वाकडी असणारच, असं मी स्वतःला सांगितलं. वाकडी म्हणजे किती, तर नाक समोर असण्याऐवजी बोटभर डावीकडे. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.

२

सासरचं घर तिसऱ्या मजल्यावर. एक हॉल, एक आतली खोली, स्वयंपाकघर. माणसं तीन: नवरा, सासूबाई आणि मी. सामान मात्र सात माणसांचं. पलंगाखाली पेट्या, कपाटावर खोकी, खोक्यांवर गाद्या, दारामागे इस्त्रीची फळी. न्हाणीघरातसुद्धा एक शिवणयंत्र होतं. माझी पुस्तकं दोन महिने बॅगेतच पडून होती.

आणि ह्या घरात हॉलच्या एका कोपऱ्यात, भिंतीतलं कपाट आणि खिडकी यांच्या मधे, अडीच फुटांची जागा रिकामी होती. घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथे पडायचा.

"आई, इथे एक लहानशी मांडणी लावूया का? माझी पुस्तकं बसतील," मी एकदा विचारलं.

"तिथे नको गं," सासूबाई पोळपाट पुसत म्हणाल्या.

"ओल येते का?"

"ओल कसली? नको म्हटलं ना. पलंगाखालची एक पेटी रिकामी करून देते तुला."

नव्या सुनेने दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. मी विचारलं नाही. पण माझे डोळे कामातून सुटी घेत नाहीत. चार दिवसांत मला दिसलं, की हॉलमधून आतल्या खोलीत जाताना ही दोघंही त्या कोपऱ्यापाशी एक पाऊल बाहेरून टाकतात. ठेच लागू नये म्हणून टाकावं तसं. कुणीतरी पाय पसरून बसलेलं असावं आणि आपण ते पाय चुकवून जावं, अगदी तसं. चालता चालता कंबर किंचित उचलायची, पाय गोल फिरवून टाकायचा, की पुन्हा सरळ. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. नवरा मोबाइल बघत जायचा, तरी पाऊल बाहेरूनच पडायचं.

खुब्याच्या बाजूला पंख्याच्या आकाराचा एक स्नायू असतो. पाय बाजूला न्यायचं काम त्याचं. साध्या चालण्यात तो फारसा फुगत नाही. माझ्या नवऱ्याचा दोन्ही बाजूंनी दगडासारखा होता. नव्या नवरीला नवऱ्याबद्दल काय काय कळतं म्हणतात. मला हे कळलं.

३

त्याची मान कामाच्या आड आली ती लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात.

तो वळण घेत होता आणि उजवीकडून आलेली सायकल त्याला दिसलीच नाही. सायकलवाला पडला, गुडघे फुटले, शिव्या देत उठून गेला. कंपनीने ह्याला तपासणीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरने मान दोन्हीकडे वळवायला लावली आणि कागदावर लिहिलं: डावीकडे ऐंशी अंश, उजवीकडे तीस. गाडी चालवायला निदान साठ हवेत. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोवर डेपोत बसून किल्ल्या देणं-घेणं. तेव्हाही जमलं नाही, तर गाडी कायमची सुटली.

जेवताना त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. हॉलमधल्या टेबलाच्या एका टोकाला तो बसायचा, दुसऱ्या टोकाला सासूबाई, मधे लांब बाजूला मी. मी त्याच्या डावीकडे. माझ्याकडे तो अगदी सहज वळायचा, पूर्ण, खांदासुद्धा न हलवता. बोलताना तोंडाकडे बघून बोलणारा माणूस आहे तो. मला त्याचं तेच आवडलं होतं.

"घरात डॉक्टर असून उपयोग काय?" तो हसत म्हणाला.

"मी डॉक्टर नाही."

"मग काय आहेस?"

"मालीशवाली. शिकलेली."

"मग कर मालीश. किल्ल्या मोजून वेड लागेल मला. नऊ वर्षं बसवर आहे मी. दुसरं काय येतं मला?"

सासूबाईंनी कागद उचलला, लांब धरून वाचला आणि खाली ठेवला. "त्याच्या बाबांचीही अशीच होती मान," त्या म्हणाल्या. "काही बिघडलं नाही त्यांचं."

"बाबा गाडी चालवत नव्हते, आई."

"नव्हते," त्या म्हणाल्या, आणि वाटीत बघू लागल्या. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की त्यांचीही मान वाकडी आहे. फक्त उलटी. त्यांची डावीकडे वळत नव्हती.

४

मी त्याला रोज दुपारी क्लिनिकमध्ये बोलवायला लागले.

उजव्या कानामागच्या हाडापासून गळ्याच्या हाडापर्यंत स्नायूचा एक दोर तिरका उतरतो. त्याचा तो लाकडासारखा झाला होता. खाली खांद्याच्या पात्याला वर खेचून धरणारा स्नायूही तसाच. पाठीचा उजवा भाग जाड, डावा पातळ, जणू दोन वेगळ्या माणसांचे अर्धे भाग शिवले होते. मी शेक दिला, अंगठ्याने एकेक गाठ सोडवली, श्वास धरायला, सोडायला लावला. वीस मिनिटांत मान पासष्टपर्यंत आली. तो आरशात बघून लहान मुलासारखा मान फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर मोजली. तीस.

हे बारा दिवस चाललं. क्लिनिकमध्ये पासष्ट, घरी तीस. मी उशी बदलली. गादी बदलली. त्याला झोपेत कुशीवर वळवत राहिले, आणि तो मला म्हणाला, "रात्रभर पोळीसारखा भाजून काढतेस मला." दोघंही दमलो होतो. दिवसभर परक्यांच्या पाठी आणि उरलेल्या वेळात घरची. माझी बोटं सुजली होती, सकाळी कपाची कडी धरवत नव्हती.

क्लिनिक आमच्या मॅडमचं. तीस वर्षांचा अनुभव, आवाज घोगरा, बोलणं रोखठोक. त्या दारात उभं राहून माझं काम बघायच्या.

"कशाला ओढतेयस एवढी?" त्या एकदा म्हणाल्या.

"कडक आहे, मॅडम. सुटतो आणि पुन्हा धरतो."

"मग धरू दे की. स्नायू उगाच धरत नाही. आत मणका दुखावला असेल, हाड मोडलं असेल, तर तो आवळून धरतो, की बाबा, इथून पुढे जाऊ नकोस. तू पहारेकऱ्यालाच झोपवायला निघालीस. आधी बघ, तो राखतोय काय."

"एक्स-रे स्वच्छ आहे. एमआरआय स्वच्छ आहे."

"मग आणखी कुठेतरी बघ."

मी हो म्हटलं. नवे लोक सगळे हो म्हणतात. पुढची तपासणी चार आठवड्यांवर होती आणि मॅडमना सांभाळायला कुणाची मान नव्हती.

५

मला वाटलं, खुर्चीत काहीतरी असेल. रोज तीन वेळा एकाच खुर्चीत, एकाच बाजूला तोंड करून बसायचं, नऊ-दहा वर्षं. सोपा उपाय होता. रविवारी सकाळी सासूबाई भाजी आणायला खाली गेल्या, तेव्हा मी त्याला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या खुर्चीत बसवलं.

"आईच्या खुर्चीत?" तो म्हणाला. "मार खायला लावशील."

"दहा मिनिटं. मान उजवीकडे वळव."

त्याने वळवली. मी कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी लावली. अठ्ठ्याहत्तर.

मी ओरडलेच. तो हसला, मी त्याच्या डोक्यावर टपली मारली, म्हटलं, "बघ, मालीशवाली! आता डावीकडे."

डावीकडे मान तीसवर अडकली.

मी पट्टी काढून पुन्हा लावली. पुन्हा तीस. बोट ठेवलं तर डाव्या कानामागचा दोर लाकूड झालेला, आणि उजवा, ज्याच्याशी मी दोन आठवडे झुंजत होते, लोण्यासारखा. स्नायूला आखडायला महिने लागतात. खुर्ची बदलायला अर्धं मिनिट लागलं होतं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"उठ. परत तुझ्या खुर्चीत बस."

उजवीकडे तीस. डावीकडे ऐंशी.

मी त्याला स्टुलावर बसवलं, खिडकीकडे पाठ करून. दोन्हीकडे साठच्या पुढे. तसंच जरा फिरवलं. एक बाजू कमी. आणखी फिरवलं. दुसरी बाजू कमी. तो वैतागला, "मला काय रेडिओचं बटण समजलीस?" त्याचं नाक कुठे थांबतं, ते मी बघत होते. प्रत्येक वेळी ते एकाच ठिकाणाच्या थोडं अलीकडे थांबत होतं, कपाट आणि खिडकीच्या मधल्या त्या जागेच्या.

तिथे काही नव्हतं. भिंत होती, आणि खाली फरशीवर ऊन. माझी खुर्ची त्या कोपऱ्याच्या समोरच होती. चार महिने मी त्या भिंतीकडे बघत जेवले होते.

"तुला तिथे बघायचं नाहीये का?" मी हळूच विचारलं.

"कुठे?"

"त्या कोपऱ्यात."

तो हसला. "तिथे काय आहे बघण्यासारखं?" आणि हे म्हणतानाही त्याने तिकडे पाहिलं नाही.

सासूबाई पिशव्या घेऊन आत आल्या. आपली खुर्ची जागची हललेली त्यांनी बघितली. पिशव्या खाली ठेवल्या, खुर्ची दोन्ही हातांनी मूळ जागी सरकवली.

"असू दे ना गं," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. दुपारी उन्हातून आलेलं माणूस बोलतं तसं बोलल्या. "जसं बसतो तसं बसू दे. इतकी वर्षं निभावलं."

"काय निभावलं, आई?"

"भाजी निवडायला घे," त्या म्हणाल्या.

६

माझी बुद्धी अशी मुकाट्याने ऐकून घेणारी नाही. मी कारणं शोधली. खिडकीतून उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असेल, म्हणून मान लहानपणापासून टाळत असेल. ढगाळ दिवशी मोजलं. तीस. कोपऱ्यातून वारा येत असेल. मेणबत्ती लावून धरली. ज्योत सरळ. लहानपणी तिथे काही पडलं असेल अंगावर, कपाटाचं दार आदळलं असेल. मन विसरतं, अंग विसरत नाही, हे आम्हाला शिकवलेलं आहे. हे कारण मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. सासूबाईंनाही तसंच काही झालं असेल, हे मात्र जरा ओढूनताणून होतं.

एका दुपारी घरी कुणी नसताना मी त्या जागेत जाऊन उभी राहिले. भिंतीला पाठ टेकली. काहीही झालं नाही. थंड नाही, गरम नाही. खालून रिक्षाचा आवाज, शेजारी कुकरची शिट्टी. मला स्वतःचंच हसू आलं. शिकलेली बाई, आणि भिंतीला टेकून भुताची वाट बघतेय.

फक्त उभं राहिल्यावर पाठीला भिंत जरा लवकर लागली. मला वाटलं होतं त्यापेक्षा अर्धं पाऊल लवकर. आणि ती भिंतीइतकी सपाट नव्हती.

मी पुढे आले. वळून हाताने चाचपलं. चुना, चुन्याखाली वीट. सपाट.

त्या संध्याकाळी मी चहाचा ट्रे घेऊन आतल्या खोलीत जात होते. पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यापाशी मीही पाऊल बाहेरून टाकलं होतं. चहा सांडला नव्हता. मोठ्या सफाईने टाकलं होतं.

७

तपासणीला तीन दिवस उरले होते. क्लिनिकमधून पासष्ट घेऊन निघालेला माणूस आता वाटेतच चाळीसवर यायला लागला होता. डेपोतल्या साहेबाने त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर बघून ठेवला होता. नवरा रात्री जागाच पडून राहायचा. मी ठरवलं, जिथे अडतं तिथेच सोडवायचं.

दुपारी तीनची वेळ. हॉलमध्ये चटई टाकली, त्याला उताणं झोपवलं, कोपरा त्याच्या उजव्या हाताला येईल असं. मी त्याच्या डोक्यापाशी मांडी घालून बसले. खिडकीचा उजेड तोंडावर येत होता म्हणून त्याच्या डोळ्यांवर टॉवेलची घडी ठेवली. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या.

"झोपलो तर चालेल?" त्याने विचारलं.

"घोरलास तर नाक दाबेन."

कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते, तिथल्या खळग्यात इवलेसे स्नायू असतात, दोन्हीकडे चार-चार. मान हलवण्यापेक्षा नजरेला साथ देणं हे त्यांचं खरं काम. डोळे मिटा, त्या खळग्यात बोटं ठेवा, आणि मिटलेल्या पापण्यांखाली नुसती बुबुळं इकडून तिकडे फिरवा. बोटांखाली बारीक हालचाल लागते. माणूस कुठे बघतोय हे त्याचे डोळे न बघता सांगता येतं. मी विद्यार्थी असताना मैत्रिणींवर ही जादू करून चहा जिंकायचे.

मी आठही बोटं तिथे ठेवली आणि त्याचं डोकं तळहातांवर घेतलं. जड होतं. त्याने पूर्ण सोडून दिलं होतं माझ्यावर. मी हळूहळू उजवीकडे वळवायला लागले. तीसला अडलं. मी थांबले, दाब तसाच ठेवला, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेतला. चार मिनिटं. सहा मिनिटं. घाम माझ्या हनुवटीवरून त्याच्या कपाळावर पडला. स्वयंपाकघरात नळ चालू होता.

मग स्नायू सुटला. आधी किंचित कापला, आणि सगळा एकदम ढिला पडला, जसा कुणीतरी आतून धरलेला दोर सोडून द्यावा. डोकं माझ्या हातात गर्रकन फिरलं आणि गाल चटईला लागला. ऐंशी. तोंड थेट कोपऱ्याकडे. डोळ्यांवर टॉवेल.

"सुटली," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बोटांखाली ते छोटे स्नायू जागे झाले. त्याची नजर स्थिर होती, टॉवेलच्या आत, एका ठिकाणी. बराच वेळ. मग ती हळूहळू वर जायला लागली. बसलेलं माणूस उठतं तेव्हा आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहतो, तेवढ्या वेगाने. पहिल्यांदा गुडघ्यावर हात देऊन. मग कंबर. मग सावकाश पाठ सरळ करत. फार वर्षांनी उठणाऱ्याला लागतो तेवढा वेळ लागला.

मी मान वर करून कोपऱ्यात पाहिलं. भिंत, ऊन.

"कोण उठलं?" त्याने विचारलं. आवाज साधा होता. झोपेत असल्यासारखा.

"कुणी नाही," मी म्हटलं.

बोटांखाली नजर सरकायला लागली. कोपऱ्यातून खिडकीकडे. खिडकीवरून टेबलाच्या कडेने. एक, दोन, पावलागणिक थांबत. मला काही ऐकू येत नव्हतं, पण ते कुठवर आलंय हे माझ्या बोटांना इंचाइंचाने कळत होतं. मी हात काढू शकले असते. काढले नाहीत. हात काढले असते तर ते कुठे आहे हे कळलं नसतं.

मग दोन्हीकडचे स्नायू एकदम आवळले. असं एकाच कारणाने होतं. माणूस सरळ वर बघतो तेव्हा. त्याच्या डोक्याच्या वर मी बसले होते. तो माझ्याकडे बघत होता. नाही. माझ्या तोंडाकडे बघायला एवढं वर बघावं लागत नाही. नजर माझ्या कपाळावरून वर गेली, केसांवरून मागे गेली आणि तिथे थांबली.

नळ बंद झाला होता. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातांवरून पाणी गळत होतं. त्या माझ्या मागे बघत होत्या. मग त्यांची मान सावकाश वळली, माझ्यापासून दूर.

"झालं?" त्या म्हणाल्या.

८

तपासणीत तो पास झाला. दोन्हीकडे ऐंशी. डॉक्टरने उपचार कुणी केले विचारलं आणि ह्याने छाती फुगवून माझं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बस.

सासूबाईंनी आपली खुर्ची टेबलापासून उचलली आणि त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. दुपारभर त्या उन्हात पाय पसरून बसतात, शिवणकाम करतात, गुणगुणतात. त्यांची मान डावीकडे मस्त वळते. चालताना पाऊल सरळ पडतं. दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या आहेत.

"तुझी मांडणीही बसेल बघ इथे," त्या परवा सुई ओवत म्हणाल्या. "आता काही हरकत नाही. पायगुणाची आहेस गं तू." हे त्या सुईकडे बघत म्हणाल्या. त्यानंतर उठल्या आणि स्वयंपाकघरात जाताना माझ्या बाजूने एक पाऊल लांबून गेल्या. कंबर किंचित उचलून.

क्लिनिकमध्ये शिंपीकाका नेहमी येतात, खांद्याचं दुखणं घेऊन. ह्या वेळी आले तेव्हा मान मोकळी होती. मी बाजूला जाऊन उभी राहिले आणि माझ्या बाजूचा दोर हाताखाली लाकूड झाला. मी टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. तो सुटला, हा धरला.

"तुझ्या हाताखाली सगळेच कडक होतायत हल्ली," मॅडम म्हणाल्या. त्या दारात आडव्या उभ्या होत्या, रजिस्टरकडे बघत. "सुटी घे चार दिवस. थकलेली दिसतेस." मी कशी दिसते हे त्यांना कुठून दिसलं, हे मी विचारलं नाही.

९

काल तो लवकर आला. मी जिन्याच्या वरच्या चौकात बाकावर बसले होते, घरात जायचं जिवावर आलं होतं म्हणून. तो माझ्या शेजारी बसला. दिवसभर काय काय झालं ते सांगायला लागला. एक म्हातारा कसा चुकीच्या बसमध्ये चढला आणि थेट डेपोपर्यंत झोपून आला, उठल्यावर ह्यालाच कसा ओरडला. छान सांगत होता. समोरच्या भिंतीला सांगत होता.

"बघ ना इकडे," मी म्हटलं.

"बघतोय की."

"माझ्याकडे."

तो प्रयत्न करत होता, हे मला दिसत होतं. गळ्याची शीर फुगली. हनुवटी माझ्या बाजूला आली आणि अडली. त्याला वाटत होतं की तो माझ्याकडेच बघतोय. माझ्या कानाच्या पुढे वीतभर हवा होती, तिच्याकडे बघून तो हसला. मला आवडलेलं तेच हसू.

मी त्याच्या मानेवर हात ठेवला. दोर लाकडासारखा उभा. तो कुठून सुरू होतो, कुठे सुटतो, किती दाब, किती श्वास, सगळं आता माझ्या बोटांना पाठ आहे. वीस मिनिटांचं काम. वीस मिनिटांत त्याचं तोंड माझ्यासमोर आलं असतं, आणि त्याने डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहिलं असतं. माझ्याकडे, आणि माझ्या लगेच मागे.

बोटांखाली त्याची नाडी लागत होती. संथ. सुखी माणसाची.

मी हात काढून घेतला.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "बरं वाटत होतं."

"दमलेय रे."

"मग टेक ना नीट," तो म्हणाला, आणि मला जागा व्हावी म्हणून बाकावर पलीकडे सरकला. बराच सरकला. दोन माणसं आरामात बसतील एवढा.